चंद्र पुण्याचा धरायचा

बुधवार, १ फेब्रुवारी २००६

बेथनबाईंनी वही लिहायला सांगितली आहे. म्हणे, "डोक्यात फिरतंय ते कागदावर उतरवा, सुप्रभा, झोप लागेल." झोप! मला झोप नकोय, मला माझा मुलगा परत हवाय. पण सांगितलंय तर लिहिते. मराठीत लिहिते, म्हणजे मुलांना वाचता येणार नाही. आणि आमच्या ह्यांनी पेपराची हेडलाइन सोडून मराठी काही वाचल्याला वीस वर्षं झाली.

मिहीर वीस वर्षांचा, मँचेस्टरला कॉलेजात. नोव्हेंबरात मँचेस्टरहून पोलिसांचा फोन आला. स्टेशनवर अनवाणी बसला होता आणि सांगत होता की बाबांच्या डोळ्यांत कॅमेरे आहेत आणि आईच्या डब्यात विष. माझ्या डब्यात! सहा आठवडे वॉर्डात काढून तो घरी आलाय. गोळ्या चालू आहेत. दिवसभर पडदे ओढून खोलीत. डॉक्टर म्हणतात, हा आजार उलटू शकतो. तो उलटू द्यायचा नाही, एवढंच आता माझं काम. शाळेच्या लॅबमधली नोकरी मी अर्धवेळ करून घेतली.

इथल्या, कार्डिफच्या युनिव्हर्सिटीचा एक अभ्यास चाललाय. नुसत्या पेशंटला न बघता सगळ्या घराला बरोबर घेऊन बसलं, तर आजार उलटायचं प्रमाण कमी होतं का, असा. त्यात आमचं घर घेतलंय. एक आठवडा सोडून दर बुधवारी त्यांची थेरपिस्ट बेथन येणार, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि 'ओपनली' बोलायचं.

ओपनली म्हणे. आमच्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते. महाराष्ट्र मंडळात मी सांगून ठेवलंय की मिहीर स्लाऊला मामाकडे आहे, तिथे प्लेसमेंट मिळालीय. आज बेथन यायच्या आधी सगळ्यांची तालीम घेतली. "अहो, तुम्ही म्हणायचं, आमच्याकडे रोज रात्री सगळे एकत्र जेवतात. मिहीर, तू नुसता बस." हे म्हणाले, "सुप्रभा, ही व्हायव्हा नाहीये." पण वेळ आल्यावर तेच वाक्य घडाघडा म्हणाले.

आश्लेषाला मी यात बसवणार नाही. सोळाची पोर, मेमध्ये जीसीएसई, म्हणजे इथली दहावी. बेथनला सांगितलं, ती लायब्ररीत असते. होती वर, खोलीचं दार लावून.

सोमवार, ६ फेब्रुवारी

सोळा सोमवार धरले. गोळ्या गोळ्यांच्या जागी, देव देवाच्या जागी. सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "अगं, आईनं केलेलं आईच्या पोरापर्यंत पोचतंच."

देवापुढे बसले होते तर आश्लेषा मागे येऊन उभी. "आई, मी पण करू? दादासाठी?" मला भरूनच आलं. या देशात वाढलेली पोर, आईबापाला नावानं हाक मारणाऱ्या मुलांबरोबर शिकणारी. कुठून आले हे संस्कार? मीच केलेत, म्हणायचं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आज संकष्टी. तीही धरली आश्लेषाने. शिवाय दर गुरुवार. मी साबुदाण्याची खिचडी केली तर म्हणते, "हे खाल्ला तर तो फास्ट कसा? इट्स जस्ट डिफरंट फूड." खरंय की! आम्ही मेली एकादशी आणि दुप्पट खाशी. ती नुसत्या काळ्या चहावर राहिली. सासूबाईंना सांगितलं, त्या फोनवर रडल्या.

बेथनकडचे फॉर्म आले होते, घरातल्या प्रत्येकासाठी एक. घरात सुरक्षित वाटतं का, आपलं म्हणणं कुणी ऐकतं का, असले प्रश्न. आश्लेषाचा मीच भरला. 'ऑलवेज', 'ऑलवेज', 'ऑलवेज'. अभ्यास सोडून तिने हे कशाला भरत बसायचं?

बुधवार, १ मार्च

मिहीर आज बेथनसमोर पाच-सहा वाक्यं बोलला! पोहे खाल्ले. बेथननेही खाल्ले, दोनदा. गोरी असली तरी बाई बरी आहे, हाताला चव आहे म्हणाली.

तिने आमच्याकडून एक यादी करून घेतली. आजार परत येतोय हे कशावरून ओळखायचं त्याची. रात्र-रात्र जागणं, पडदे, आणि खाण्याबद्दल भलत्या शंका. ही यादी फ्रीजवर लावायची आणि खूण दिसली की तिला लगेच फोन करायचा. हे काम मला आवडलं. नीट, सांगता येण्यासारखं.

जाता जाता विचारते, "आश्लेषा भेटली नाही अजून." म्हटलं, "लायब्ररी." "बुधवारी कायमच?" "हुशार आहे ती," मी म्हणाले. मिहीर माझ्याकडे बघत होता.

शनिवार, १८ मार्च

आज गंमतच झाली. संकष्टीला आम्ही इतकी वर्षं पुण्याचा चंद्र धरतो. तिकडे रात्री उगवला की आमच्याकडे दुपारच्या चहाची वेळ असते, घरी येऊन मोदक खाल्ला की सुटला उपास. सासूबाईंनीच काढून दिलेली सोय आहे ही. आपलं गाव तिकडचं, तर चंद्रही तिकडचा.

आश्लेषा म्हणाली, "आई, दॅट्स चीटिंग. आपण कार्डिफमध्ये राहतो. चंद्र पण इथलीच पाहिजे." इंटरनेटवर बघून आली, इथे तो रात्री उशिरा उगवतो. उगवला तरी या ढगांतून दिसतोय कसला! दिसल्याशिवाय जेवणार नाही म्हणाली. आम्ही दमून झोपलो. सकाळी तिचं ताट ओट्यावर धुवून पालथं घातलेलं. स्वतःचं स्वतः घेऊन जेवली, आवाजसुद्धा केला नाही.

ह्यांनी विचारलं, "फार होत नाहीये ना हे?" म्हटलं, "तुम्हाला काय, दिवसभर ऑपरेशनला भूल देऊन लोकांना झोपवता, घरी येऊन स्वतः झोपता. देवाचं कुणीतरी करतंय तर करू द्या."

शनिवार, १ एप्रिल

मंडळाचा पाडवा. मिहीर घरी, आम्ही तिघं हॉलवर. आश्लेषाला माझी नऊवारी नेसवली. निऱ्या किती आल्या! चार पिना जास्त लागल्या. खाली जाड लोकरी जंपर घालायचाच म्हणून हट्ट, थंडी वाजते म्हणे. हॉलमध्ये सगळे घामाघूम आणि हिचे हात बर्फ. हातांवर बारीक लवही वाढलीय, रविवारी डाळीचं पीठ आणि हळद लावायला हवी.

मीनल म्हणाली, "अगं बाई, काय सडपातळ झालीय गं! माझ्या स्वरालीला दे ना तुझा डाएट." आश्लेषा हसली. गालाची हाडं अशी वर आली की माझ्या सासूबाईंच्या लग्नाच्या फोटोची आठवण झाली. पुरणपोळीला हात लावला नाही, शनिवारही धरलाय म्हणाली. मीनलच्या तोंडाकडे बघत राहावंसं वाटत होतं.

मीनलने विचारलं, "मिहीर कसा आहे स्लाऊला?" "मजेत," आश्लेषाच पटकन म्हणाली. "त्याची बॉस खूप नाईस आहे." किती शहाणी आहे पोर. मला तोंडही उघडावं लागलं नाही.

सोमवार, १७ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. आज सोमवार आणि संकष्टी एकत्र, दुहेरी पुण्य. आणि आजच मिहीर आपणहून खाली आला, बागेत गेला, ह्यांच्याबरोबर कुंपणाची फळी ठोकली! दोघांचं हसणं ऐकू आलं. मी ओट्याशी उभी राहून रडले.

आश्लेषाला देवापुढे बसवलं, तोंडावरून हात फिरवला. म्हटलं, "तुझ्या उपासांना फळ आलं बरं, आशू. तुझ्यामुळे उठला दादा." तिने विचारलं, "खरंच? माझ्यामुळे?" "अगदी खरं. देवासमोर बसून खोटं बोलेन का मी?"

एक गोष्ट लिहून ठेवते. फेब्रुवारीपासून तिचा एकही सोमवार अडचणीने मोडला नाही. माझे दोन मोडले. तिचं सगळं आपोआप बाजूला राहिलंय. देव करून घेतोय म्हणायचं, दुसरं काय.

बुधवार, २६ एप्रिल

आज नको ते झालं. बेथनने मिहीरला विचारलं, "तुला सध्या कसली काळजी वाटते?" तालमीत याचं उत्तर मी बसवून घेतलं होतं, 'कोर्सला परत जायची'. तर तो म्हणाला, "आशू."

"शी'ज डिसअपिअरिंग. डबा शाळेच्या वाटेवरच्या बिनमध्ये टाकते. मी बघितलाय. रात्री ताट ओली करते आणि ठेवते. ती काहीच खात नाही, मम. नथिंग."

मी घाबरलेच. आशूसाठी नव्हे, त्याच्यासाठी. डबा! पुन्हा डबा! नोव्हेंबरात याच डब्यापासून सुरुवात झाली होती. मी उठून फ्रीजवरची यादी आणली आणि बेथनसमोर ठेवली. खाण्याबद्दल भलत्या शंका, तिसरी ओळ. "बघा, खूण दिसली."

मिहीर म्हणाला, "मम, मी आजारी नाहीये आत्ता. हे खरी आहे."

"तेव्हाही तू हेच म्हणत होतास," मी म्हणाले. हे बुटांकडे बघत होते. बेथनने मला हळूच विचारलं, "पण सुप्रभा, ते खरं असू शकतं का? मला आश्लेषाला भेटायला आवडेल." म्हटलं, तिचे उपास आहेत भावासाठी, आमच्यात असतात, तुम्हाला नाही कळायचं. ती वरमली. धर्माचं नाव काढलं की ही माणसं लगेच माघार घेतात.

शुक्रवार, २८ एप्रिल

मिहीरला डॉक्टरांकडे घेऊन गेले, यादी दाखवली. गोळी वाढवली. घरी आल्यावर आशूनेच विचारलं, "दादा परत सिक होतोय? का? मी तर सगळे फास्ट केले." म्हटलं, "अगं, थोडंसंच. देव परीक्षा बघतो." तिने काल रात्री अर्धी पोळी खाल्ली होती म्हणाली, आणि रडायला लागली. म्हटलं, वेडी कुठली, अर्ध्या पोळीने काय होतंय.

शनिवार, ६ मे

मिहीर दुपारपर्यंत झोपतो. बोलायला लागला की जीभ जड. पण शांत आहे, शंका नाहीत. गोळी लागू पडली म्हणायची.

आशूने मंगळवारही धरलाय.

बुधवार, १० मे

बेथन आली. पोह्यांना नको म्हणाली. "आज आश्लेषा आल्याशिवाय मी सुरू करणार नाही." आवाज मऊच, पण उठायला तयार नाही. म्हटलं, सोमवारी पहिला पेपर आहे, आता तेवीस जूनला परीक्षा संपली की हवं तितकं बसवा. "सुप्रभा, हा अभ्यास अख्ख्या घराचा आहे, आणि तीन महिने मी तीनच माणसं बघतेय." मी म्हटलं, "चौथीला काही झालेलं नाही, म्हणून." मिहीर सोफ्यावर डोळे मिटून होता. मला वाटलं झोपलाय. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

ती गेल्यावर मला वाटलं, वर जाऊन बघावं. गेले. दार लावलेलं. "आशू, जेवलीस?" "हो आई, खाल्ला." मी खाली आले.

शनिवार, १३ मे

काल शाळेच्या जिन्यात पडली. अँब्युलन्सने नेलं. मी लॅबमध्ये होते, तराजूवर कॉपर सल्फेट मोजत होते. इकडे एक ग्रॅम चुकला तरी मला कळतं.

नर्सने तिचा जंपर कापला. आत आणखी एक होता, त्याच्या आत आणखी एक. मग माझी मुलगी. मी ओळखलं नाही तिला. बरगड्या, खुब्याची टोकं, आणि पाठीच्या मणक्यांवर शाळेच्या खुर्चीने पडलेले घट्टे. हे मॉनिटरसमोर उभे होते. आयुष्यभर लोकांच्या नाडीवर लक्ष ठेवणारा माणूस. आकडा बघितला आणि तिथेच जमिनीवर बसले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटचं नीट कधी जेवली?" मला सांगता येईना. पाळी? म्हटलं, फेब्रुवारीपासून... बायॉलॉजीत बी.एससी. केलंय मी. पुण्यात अकरावीला शिकवत होते. पहिल्या बाकावरची मुलगीसुद्धा ओळखेल अशी खूण, आणि मी तिला देवाची कृपा म्हणून वहीत लिहून ठेवली. थू माझ्या जिंदगीवर.

पोटॅशियम फार खाली गेलंय. हृदय कधीही दगा देईल म्हणतात. एकदम खायला घातलं तरी धोका, नाही घातलं तरी धोका. चमच्या-चमच्याने द्यायचं.

घरी येऊन मिहीरच्या खोलीत गेले. पायाशी बसले. "तू खरं सांगत होतास," म्हटलं. तो छताकडे बघतच जड जिभेने म्हणाला, "आय नो, मम."

मंगळवार, १६ मे

आज अंगारकी. आम्ही चौघं पहिल्यांदा एकत्र बसलो, वॉर्डात, तिच्या कॉटभोवती. बेथनने खुर्च्या गोळा करून आणल्या. आज तालीम नव्हती.

नर्स लहान वाटीत कस्टर्ड ठेवून गेली. मी चमचा भरला. "आशू, दोनच घास."

"आज अंगारकी आहे, आई. चंद्र नाही आली अजून."

"असू दे."

"दादा बरा होतोय ना? तूच म्हणाली, माझ्या उपासनी. मी अर्धी पोळी खाल्ली तेव्हा त्याची गोळी वाढली. मी हे खाल्ला आणि तो परत तसा झाला तर?"

मिहीर म्हणाला, "आशू, ती गोळी तुझ्यामुळे नाही वाढली." तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होती. मी सांगेन तेच तिला खरं.

मी म्हटलं, "तुझ्या उपासाने काही झालेलं नाही. तो औषधांनी बरा होतोय. मी सांगितलं ते खोटं होतं."

"देवासमोर बसून म्हणाली होतीस."

"हो. तिथे बसून खोटं बोलले."

खोटं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण तिचा विश्वास बसेना. डोळे तसेच माझ्यावर. मग मी तो चमचा माझ्याच तोंडात घातला. उपास माझाही होता. बाहेर लख्ख ऊन होतं, कार्डिफचा राहू दे, पुण्याचाही चंद्र अजून उगवायचा होता. तिच्या डोळ्यांदेखत एकेक घास गिळत गेले. "बघ, मोडला. माझा नवस मोडला. बघ दादाकडे, काय झालं त्याला? बसलाय ना?" रडत रडत खात होते. ह्यांनी माझा खांदा धरला. वाटी रिकामी झाली.

तेवढ्यात नर्स आली. रिकामी वाटी बघून तिचा चेहरा उजळला. "ओह, वेल डन, लव्ह! सगळं संपवलंस?" कॉटच्या पायाशी लावलेल्या कागदावर लिहायला पेन काढलं.

आश्लेषाने माझा हात धरला. त्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. हळू आवाजात, मराठीत, म्हणजे नर्सला आणि बेथनला कळू नये, "आई, सांग ना, मीच खाल्ला म्हणून. प्लीज. आपण नेहमी सांगतो ना, तसं."

नर्स पेन धरून थांबली होती. हो म्हणायला मला काहीच कष्ट नव्हते. तोंडात तयार होतं ते.

"नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "मी खाल्लं. तिने काही खाल्लेलं नाही."

आश्लेषाने हात सोडला. "आता दादाला काही झालं तर तुझ्यामुळे," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. नर्सने कागदावर शून्य लिहिलं. मिहीर खुर्चीला धरून हळूहळू उठला आणि म्हणाला, "कॅन वी हॅव अनदर वन, प्लीज?"

दुसरी वाटी आली. हे मिहीरला घेऊन घरी गेलेत, बेथनही गेली. कस्टर्डवर साय धरलीय. आशू अजून भिंतीकडेच आहे. मी इथेच बसलेय.